एकविसावी दूर्वा

आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नवीन माणूस भेटला की पाचव्या मिनिटाला "तुम्ही कुठे असता?" हा प्रश्न येतोच. कुठे म्हणजे कुठल्या कंपनीत. माझे यजमान कंपनीचं नाव सांगायचे, समोरचा मान डोलवायचा आणि मग दोघं मिळून आपापल्या मॅनेजरला नावं ठेवायचे. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "मी गवताकडे असते."

समोरच्याला वाटायचं, बाई थट्टा करतायत. मग मी खुलासा करायचे, की इथल्या विद्यापीठाचं शेत आहे, तिथे संशोधनासाठी गवत लावायचं, मोजायचं आणि ते कधी फुलतं याची नोंद ठेवायची, हे माझं काम. सव्वीस वर्षं मी तेच केलं. यावर "घराजवळ पडत असेल ना?" असं कुणीतरी समजुतीच्या सुरात विचारायचं आणि विषय सामोशांकडे वळायचा.

माझ्या वडिलांना तर हे शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं अर्धं आयुष्य वावरातली हरळी खणून काढण्यात गेलं. मी शेतकी कॉलेजात शिकले, सातासमुद्रापार आले आणि तीच हरळी सोळा वाफ्यांत लावून तिला पाणी घालू लागले. फोनवर ते आईला विचारायचे, "अजून गवतच आहे का तिच्याकडे?" जणू काही मध्येच मला ऊस मिळण्याची शक्यता होती.

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते. गवताला फूल येतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. गहू, भात, ज्वारी, ऊस ही सगळी गवतंच. त्यांना फूल येतं, त्यातून दाणा येतो, म्हणून आपण जेवतो. आता फुलायचं कधी, हे गवत ठरवतं दोन गोष्टींवरून. एक म्हणजे थंडी किती पडली आणि दुसरी म्हणजे दिवस किती मोठा आहे. कुठल्या तारखेला दिवस केवढा, हे काही वर्षागणिक बदलत नाही, पंचांगासारखं ठरलेलं असतं. थंडी मात्र हल्ली बेभरवशाची झाली आहे. हिवाळा कधी येतच नाही, कधी एप्रिलमध्ये परत येतो. मग गवताचा गोंधळ उडतो. एक घड्याळ म्हणतं फूल, दुसरं म्हणतं थांब. अशा वेळी कुठलं गवत कुणाचं ऐकतं, हे आम्ही बघत बसायचो. बघत बसायचो हे अगदी शब्दशः. गुडघ्यांवर, हातात भिंग घेऊन.

आमचे प्रोफेसर वॉल्ट तर गवताशेजारी आडवे व्हायचे. सहा फूट उंच, पांढरी दाढी, पायात बूट नाहीत. वाफ्यावर बूट घालून जायचं नाही हा त्यांचा नियम होता, त्यामुळे त्यांना भेटायला येणाऱ्या मोठमोठ्या लोकांचे फाटके मोजे मी पाहिले आहेत. एखादं गवत वेळेवर फुललं नाही तर ते चिडायचे नाहीत. "ती विचार करतेय," म्हणायचे. मी मनातल्या मनात त्यांना गुरुजी म्हणायचे.

या नोकरीचा मला समाजात झालेला एकमेव उपयोग म्हणजे लोकांची लॉन्स. निखिल नावाचा एक पुण्याचा मुलगा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोला सोडायला यायचा आणि खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायचा. आत गवताची चार पाती. "मावशी, सोसायटीचं लेटर आलंय यार. लॉन ब्राऊन झालंय म्हणतात. याचं काय करू?" मी सांगायचे, जानेवारी आहे, ते झोपलंय, तूही झोप. त्याने त्या लॉनचा आलेख काढला होता. तारीख, पाणी, तापमान, रंग. असा विद्यार्थी वॉल्टला मिळाला असता तर ते धन्य झाले असते, पण त्याला हवा होता फक्त शेजाऱ्यापेक्षा हिरवा रंग.

इराची गोष्ट सांगायची म्हणून हा सगळा प्रपंच.

इरा इथेच जन्मलेली, वैशालीची मुलगी. वैशाली नागपूरची, मंडळातली माझी वीस वर्षांची ओळख. एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधून काढते, आणि हा गुण ती घरी येताना ऑफिसात ठेवून येत नाही. नवरा लवकर गेला, मुलीला तिने एकटीने वाढवलं. इरा डॉक्टर होणार हे इरा पाचवीत असतानाच तिने जाहीर केलं होतं. इरा डॉक्टर होत होती, पण गवताची. वैशालीच्या मते या गुन्ह्यात माझा हात होता, कारण शाळेत असताना इरा एकदा उन्हाळ्यात माझ्याबरोबर शेतावर आली होती. "सुनंदाताई, तुम्हीच नादी लावलंत तिला," असं ती हसत म्हणायची. हसण्याचा भाग कमी असायचा.

इराची पीएचडी हरळीवर होती. हरळी म्हणजेच आपली दूर्वा. हे मूळचं उष्ण हवेतलं गवत, थंडीत करपून जातं. हिवाळे सौम्य झाल्यामुळे आता ते उत्तरेकडे सरकतंय. इराने चार ठिकाणची हरळी आणली होती. फ्लोरिडाची, कॅरोलायनाची, आमच्या न्यू जर्सीची, आणि चौथी अ‍ॅशबर्नची. तिथे माझा दीर एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्या इमारतीतून बारा महिने गरम हवा बाहेर फेकली जाते आणि भिंतीलगतची हरळी डिसेंबरातही हिरवी असते. दिराने ती उपटून टपालाने पाठवली आणि सोबत चिठ्ठी: "वहिनी, इथे लोक सर्व्हर सांभाळतात, मी तुमच्यासाठी गवत चोरतो." चारही ठिकाणचे चार-चार वाफे, असे सोळा, शेजारी शेजारी लावले. सारखी माती, सारखं पाणी. मग बघायचं, कोण केव्हा फुलतं.

चौथ्या वर्षीचा प्रश्न शेवटचा आणि महत्त्वाचा होता. शरद ऋतू लांबत चाललाय, तर हरळी थंडी पडायच्या आधी दुसऱ्यांदा फुलेल का? फुलली तर बी धरेल, बी धरलं तर पसरेल. त्यासाठी ऑगस्टच्या शेवटी सगळे वाफे एकसारखे कापले. नवे कोंब आले. कोंबाला तीन पानं फुटली की त्यातले काही निवडून त्यांना खूण बांधायची आणि तो कोंब फुलेपर्यंत रोज बघायचा. बाकीचं गवत म्हणजे गर्दी, ही खूण बांधलेली म्हणजे आपल्या ओळखीची माणसं. वयाने सारखी, प्रत्येकाचं पान वहीत नोंदलेलं.

आता माझी चूक. खरं तर दोन चुका.

इराने विचारलं, "मावशी, एका वाफ्यात किती टॅग करायचे? स्टॅटिस्टिक्सवाला म्हणतो, अ‍ॅट लीस्ट ट्वेंटी."

मी वाकून मोजत गेले आणि माझा हात एकविसावर थांबला. का थांबला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. तीन पानांची कोवळी दूर्वा मोजताना वीसवर थांबायची सवय या हाताला नाही. वॉल्टनी विचारलं, एकवीस का? मी म्हटलं, एक जास्त असलेली बरी. ते म्हणाले, "स्मार्ट."

दुसरी चूक खुणेची. नेहमी आम्ही प्लास्टिकच्या रंगीत कड्या वापरतो. त्या संपल्या होत्या, नव्या यायला दहा दिवस होते आणि कोंब काही थांबणार नव्हते. मी घरी गेले, देवाच्या कपाटातून नाडाछडीचं रीळ काढलं आणि घेऊन आले. लाल सुती दोरा, दवात सुटत नाही, मातीत कुजून जातो. वॉल्ट तो दोरा बोटांवर फिरवत राहिले. अशी उत्तम गोष्ट कुठे मिळते म्हणाले. मी सांगितलं, इंडियन स्टोअरमध्ये, उदबत्त्यांच्या शेजारी.

सोळा वाफे, प्रत्येकात निवडून एकवीस कोवळ्या, तीन पानी, न फुललेल्या दूर्वा, आणि प्रत्येकीला नाडाछडी. आम्ही शास्त्रज्ञ लोक हे करून, नोंदी लिहून, हात धुऊन घरी गेलो. आपण काय मांडून ठेवलंय हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यावर होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी इराची गाडी बिघडली म्हणून वैशाली तिला घ्यायला शेतावर आली. चार वर्षांत पहिल्यांदा. दीड तास लवकर आली, कारण मराठी माणूस अमेरिकेतल्या ट्रॅफिकला घाबरून एक तर दीड तास आधी पोचतो किंवा एक तास उशिरा. इरा शेडमध्ये वाळलेल्या गवताचं वजन करत होती. मी पलीकडच्या टोकाला गवत कापायच्या मोअरवर होते, कानांवर आवाज बंद करणारे मफ लावून. इराने आईला मेसेज टाकला, "वेट फॉर मी, लुक अराउंड इफ यू वाँट."

वैशालीने लुक अराउंड केलं.

तासाभराने मी मोअर बंद केला आणि बघते तर वैशाली सोळाव्या वाफ्यापाशी उकिडवी बसलेली, चपला काढून बाहेर ठेवलेल्या, साडीचा पदर खोचावा तसा ओढणीचा शेव कमरेला खोचलेला. चपला काढलेल्या पाहून मला आधी बरंच वाटलं, म्हटलं गुरुजींचा नियम हिला आपोआप कळला. जवळ गेल्यावर तिच्याजवळचा ट्रे दिसला. त्यात ओळीने जुड्या मांडलेल्या. प्रत्येक जुडी नाडाछडीने बांधलेली.

"सुनंदाताई!" तिचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "अहो, किती ताज्या दूर्वा! दरवर्षी स्टोअरमधल्या त्या पिवळ्या पडलेल्या वाहाव्या लागतात. मी ग्रुपवर टाकलंसुद्धा, यंदा सगळ्यांना देते म्हणून."

मी काही बोलायच्या आत मागून इरा आली. तिने ट्रे पाहिला, वाफे पाहिले, परत ट्रे पाहिला.

"आई. व्हॉट डिड यू डू?"

"काय झालं?"

"दॅट्स माय एक्सपेरिमेंट! ते टॅग्ज होते! चार वर्षांत तू एकदाही आली नाहीस, आणि आलीस ती माझी थीसिस तोडायला?"

वैशाली उभी राहिली. हातातली शेवटची जुडी कुठे ठेवावी तिला कळेना. हळूच म्हणाली, "अगं, एकवीस एकवीस निवडलेल्या होत्या. नाडाछडी बांधलेली होती. मला वाटलं... तू माझ्यासाठीच बांधून ठेवल्यास."

याचं उत्तर मला द्यावं लागलं. मी म्हटलं, एकवीस मी मोजले आणि दोरा माझ्या देवघरातला आहे, तुझ्या आईच्या जागी मी असते तर मीही खुडल्या असत्या. इरा शेडच्या पायरीवर जाऊन बसली आणि रडली. सव्वीस वर्षांत मी गारपीट पाहिली, हरणं वाफ्यात घुसलेली पाहिली, पण कुणाचं नुकसान आपल्या हातून झालं की कसं वाटतं हे त्या दिवशी कळलं.

नुकसान किती, ते सांगते. खूण असलेले कोंब गेले म्हणजे प्रयोग गेला. पुन्हा करायचा तर सगळे वाफे पुन्हा कापायचे, पुन्हा तीन पानांची वाट बघायची, पुन्हा खुणा. यात तीन-चार आठवडे जाणार. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात केव्हाही पहिलं दहिवर गोठतं, एका पहाटेत हरळी तपकिरी होते आणि खेळ संपतो. पुढच्या वर्षाचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरनंतर ते शेत दुसऱ्या प्रयोगाला दिलेलं होतं आणि इराला जानेवारीत शेजारच्या राज्यात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. थंडी आधी येते की फूल, एवढ्यावर तिची पीएचडी येऊन ठेपली.

वॉल्ट आले, खुडलेल्या वाफ्यांशेजारी आडवे झाले. मग विचारलं, जुड्या कुठल्या वाफ्यातल्या ते कळतंय का? खुडलेल्यांची निदान पानं तरी मोजता येतील.

वैशाली सावरून म्हणाली, "ऑफ कोर्स. एका वाफ्याची एक जुडी, त्याच क्रमाने ट्रेमध्ये ठेवल्यात." शेवटी टेस्टिंगवाली. "फक्त त्या तिकडच्या वाफ्यात सोळाच घेतल्या. पाच सोडल्या."

तो अ‍ॅशबर्नचा वाफा होता. इरा तोंड न वळवता म्हणाली, "का सोडल्या?"

"त्या चालत नाहीत. त्यांच्या पोटात फूल आहे. फुललेली दूर्वा वाहत नाहीत."

"आई, देअर आर नो फ्लॉवर्स. मी सकाळी लेन्सने बघितलंय."

"दिसत नाही गं. हाताला कळतं. कडक लागते."

मला चटका बसला. ज्वारी निसवायच्या आधी कणीस पानाच्या वेष्टनात असतं, त्याला आपल्याकडे पोटरी म्हणतात. माझ्या वडिलांचा हात ज्वारीच्या धाटावरून फिरला की त्यांना पोटरी कळायची. मलाही लहानपणी कळायची. मग मी शिकले, भिंग हातात आलं, आणि जे भिंगात दिसेल तेवढंच खरं अशी सवय लागली. हरळीची पोटरी ती केवढी, दाभणाच्या टोकाएवढी. ती या बाईच्या चिमटीला समजत होती, कारण आयुष्यभर तिने दूर्वा निवडल्या होत्या आणि फुलणारी प्रत्येक बाजूला टाकली होती.

वॉल्टनी ब्लेड आणलं. त्या पाचांपैकी एक कोंब उभा चिरला आणि भिंगाखाली धरला. आत फिकट हिरवा, बोटांच्या आकाराचा इवलासा तुरा गुंडाळून बसलेला. वॉल्ट वैशालीकडे असे बघायला लागले, की मला वाटलं तिला आत्ताच नोकरी देतात.

त्या वर्षी वैशालीच्या गणपतीला दूर्वा नव्हत्या. जुड्या कागदी पाकिटांत भरून वाळवणीच्या भट्टीत गेल्या. ग्रुपवर तिने नुसतं "सॉरी, कॅन्सल केलं" एवढंच लिहिलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही. इरा आरतीला गेली नाही. ती शेतावर होती, आम्ही वाफे पुन्हा कापत होतो. मोदकाचा डबा वैशालीने माझ्याकडे दिला. मी तो शेडमध्ये ठेवला, इराने उघडला नाही. चौथा मोदक खाताना वॉल्ट म्हणाले, हे गवताच्याच पिठाचे आहेत ना? मी म्हटलं हो, भात हे गवतच. ते अगदी तृप्त झाले.

पुढच्या शनिवारी सकाळी वैशाली आपणहून आली. कुणी बोलावलं नव्हतं. चपला फाटकाशी काढल्या आणि मला म्हणाली, "मला काम द्या." इरा वाफ्यात होती, तिने मान वर केली नाही. मी दोघींच्या मध्ये उभी राहून हवामानावर बोलत बसले.

नव्या कोंबांना या वेळी प्लास्टिकच्या निळ्या कड्या घातल्या. एका वाफ्यात वीस. वैशाली दर शनिवार-रविवारी यायची आणि एकेक कोंब चिमटीत धरून सांगायची, "नाही. नाही. नाही. ही... अजून नाही." इराने आधी तिची परीक्षा घेतली. खूण नसलेले कोंब आईकडून निवडून घेतले आणि एकेक चिरून पाहिले. आई जवळजवळ दर वेळी बरोबर. इराने मुकाट्याने वहीत नवा रकाना आखला. तुरा डोळ्यांना दिसायच्या कितीतरी दिवस आधी पोटरी कळते, हे तिच्या प्रयोगात आधी नव्हतंच. रकान्याला तिने नाव दिलं "टच". आईशी मात्र अजून कामापुरतंच बोलत होती.

ऑक्टोबर अर्धा सरला आणि आमच्या अंगात आली एक लाजिरवाणी सवय. आम्ही सकाळी उठून थंडी पडू नये म्हणून धावा करू लागलो. पृथ्वी तापतेय म्हणून जगाला सावध करणारे आम्ही लोक, आणि हवामानाचा नकाशा लाल दिसला की टाळ्या. वॉल्ट कधी चर्चला जात नाहीत. ते मला म्हणाले, "तुमच्या त्या हत्तीच्या देवाला एक शब्द टाका." मी म्हटलं, त्याच्याच दूर्वा अडवून ठेवल्यात आपण, कुठल्या तोंडाने टाकू?

महिना संपला तरी थंडी आली नाही. दिवाळी होऊन गेली. झाडांची पानं गळाली, लोकांच्या दारातले भोपळे मऊ पडले आणि माणसं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडत होती. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी वैशाली अ‍ॅशबर्नच्या वाफ्यात बसली होती. "नाही, नाही," चाललं होतं. मग थांबली.

"इरा. ही बघ."

इरा पळत आली. कोंबाच्या टोकाशी हिरवी बोटं उघडली होती, त्यांवर जांभळट केसर. त्याच्या शेजारी दुसरा. कॅरोलायनाच्या वाफ्यात आणखी तीन. आमच्या जर्सीच्या हरळीनेसुद्धा दोन तुरे काढले.

"फुलली!" इरा ओरडली. आईला तिने अशी मिठी मारली की दोघी वाफ्याबाहेर कलंडल्या. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मी तिकडे पाठ केली आणि नाक पुसलं. वॉल्ट त्यांच्या पद्धतीप्रमाणे आडवे झाले.

थोड्या वेळाने वैशालीने कपडे झटकले आणि विचारलं, "म्हणजे ही गुड न्यूज ना?"

"माझ्या थीसिससाठी, येस."

"आणि बाकीच्यांसाठी?"

नोव्हेंबरात न्यू जर्सीत हरळी फुलावी हे आम्हाला हवं होतं, आणि ते व्हायला नको होतं. टेस्टिंगवाल्या बाईने दोन शब्दांत आमच्या चार वर्षांच्या कामाची चूक नव्हे, त्याचा अर्थ काढून हातात दिला. मला त्या आनंदाची अजून थोडी लाज वाटते.

डिसेंबरात इरा डॉक्टर झाली. प्रबंधात आभारांच्या पानावर वॉल्टचं नाव, माझं नाव, दिराचं नाव आणि मग एक ओळ तिने हाताने देवनागरीत लिहून छापली होती. अक्षर पहिलीतल्या मुलाचं. "आई, जिच्या हाताला कळतं." वैशालीने ते पान फ्रिजवर लावलं, दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटशेजारी.

पुढच्या वर्षी मी निवृत्त व्हायची होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी इरा नोकरीच्या गावाहून आली आणि आईला घेऊन शेतावर हजर झाली. जुने सोळा वाफे केव्हाच नांगरले होते. फाटकाजवळ कडेची दोन हात पट्टी मी तशीच राखली होती, हरळीची. मला वाटलं जुनी जागा बघायला आल्यात.

इराने आईला पट्टीपाशी नेलं. तिथे कोवळ्या कोंबांना नाडाछडी बांधलेली होती. सकाळीच येऊन बांधून गेली असणार. काठाशी लाकडी पाटी रोवली होती, आम्ही वाफ्याला लावतो तशी, आणि तिच्यावर पेन्सिलीने "आई" लिहिलेलं.

"ट्वेंटी वन. मोजून घे," इरा म्हणाली. "या खरंच तुझ्यासाठी आहेत."

वैशालीने चपला काढल्या. खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात नीट चालले होते. एकेक कोंब चिमटीत धरायची, खुडायची, डाव्या हातात ठेवायची. मी मनात मोजत होते. शेवटच्या कोंबावर तिची बोटं थांबली. तिने तो पुन्हा चाचपला.

"ही नको. हिच्या पोटात आहे."

"आई! मी चेक केलं होतं!"

"वीसच झाल्या," वैशाली म्हणाली. "शोध आणखी एक."

डॉक्टर इराने बूट काढले, आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि डोळे मिटून एकेक कोंब चिमटीत धरू लागली.